लातूरचा पाऊस, सॉल्ट लेकचं पाणी

दर वर्षी पोयला बोइशाख उलटला की आमच्या ऑफिसातले फोन वाजू लागतात. बंगाली नवं वर्ष आणि भारतीय हवामान विभागाचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज, दोन्ही एप्रिलच्या मध्यात, बहुधा पाठोपाठच येतात. हुगळी-बर्धमानचे हिमघरवाले, म्हणजे बटाट्याच्या शीतगृहांचे मालक, डुआर्सचे चहामळेवाले, भाताचं बियाणं विकणारे, या सगळ्यांनी सकाळच्या पेपरात 'एल निनो' वाचलेलं असतं. कुणी गोडीत विचारतं, "दीदी, एबार वृष्टी होबे तो?" कुणी घाईत असतं, "होबे की होबे ना, सेटा बोलुन." आणि त्याच आठवड्यात कधीतरी लातूरकडच्या औशाहून माझ्या थोरल्या भावाचा फोन येतो. चौकशी तीच, सूर तेवढा वेगळा: "काय म्हणतंय तुमचं समिंदर? सोयाबीन धरू का तूर?"

मी कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये हवामानाच्या आकड्यांवर काम करते. कंपनी लहान आहे. पावसाचे, हवेचे आणि समुद्राच्या तापमानाचे जे आकडे सगळ्यांसाठी खुले असतात ते गोळा करायचे, त्यातलं एखाद्या पिकाला आणि एखाद्या जिल्ह्याला काय लागू पडतं ते काढायचं, आणि ते दोन पानांत समजेल असं लिहायचं. आकडेमोड संगणक करतो. दोन पानांचं पत्रक लिहिणं हेच माणसाचं काम उरलंय आणि तेच अवघड आहे, कारण वाचणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' हवं असतं आणि आमच्या हातात असतो तो फक्त शक्यतांचा झुकाव.

पत्रकाची सुरुवात इथून हजारो किलोमीटर दूरच्या पाण्यापासून करावी लागते. प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या पाच अंश वर, पाच अंश खाली आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांच्या दरम्यान एक चौकोन आखलेला आहे. त्याला 'निनो ३.४' म्हणतात. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश जास्त तापलं आणि काही महिने तसंच राहिलं की एल निनो. अर्धा अंश थंड राहिलं की ला निना. अर्ध्या अंशावरून आमच्या ऑफिसात एसीच्या रिमोटसाठी रोज भांडणं होतात, त्यामुळे नवख्या माणसाला हा आकडा हास्यास्पद वाटतो. पण तो चौकोन भारताच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ दुप्पट आहे. एवढ्या पाण्याला अर्धा अंश तापवायला किती उष्णता लागते आणि ती पुढे हवेत किती जाते, याचा विचार केला की हसू मावळतं.

एरवी तिथे व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरचं तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलत राहतात. इतकं, की पश्चिमेकडची समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते. पेरूजवळ त्या पाण्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. वारे सैलावले की पश्चिमेला साठलेलं ऊन पाणी पूर्वेकडे पसरतं आणि पावसाचे ढग त्याच्या मागोमाग जातात. एका ठिकाणी हवा चढली की दुसरीकडे ती उतरणारच. एल निनोच्या वर्षी हे उतरणं इंडोनेशियावर येतं, आणि बऱ्याचदा आपल्यावरही. उतरणारी हवा ढगांना वाढू देत नाही. इतकं लिहिलं की पत्रकाचा पहिला परिच्छेद होतो. बरेच वाचक, आणि बरेच पत्रकारही, तिथेच थांबतात.

म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'दादा' म्हणतो, भिंतीवर एक कागद चिकटवून ठेवलाय. त्यावर तीन ओळी आहेत. १९९७: १०२. २००२: ८१. २०१४: ८८. देशाच्या मोसमी पावसाची ही सरासरीच्या तुलनेतली टक्केवारी. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात या कागदासमोर उभं करतात आणि विचारतात, "बोलो देखि."

१९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक होता. देशभर दुष्काळाची धास्ती होती. पाऊस झाला १०२ टक्के. २००२ चा एल निनो त्या मानाने बेताचा, पण जुलै महिना देशाला निम्म्या पावसावर काढावा लागला. २०१४ ची गंमत तर आणखी वेगळी. वर्षाच्या सुरुवातीला प्रशांत महासागरात जी हालचाल दिसत होती ती थेट १९९७ ची आठवण करून देणारी होती. जगभर गाजावाजा झाला, मग तो एल निनो मध्येच ढेपाळला, आणि तरीही आपल्याकडे पाऊस ८८ टक्क्यांवर थांबला. जो नवीन माणूस या तीन ओळींचं एका वाक्यात उत्तर देतो त्याच्याकडे दादा फार संशयाने बघतात.

उत्तरं आहेत, पण ती तुकड्यातुकड्यांत आहेत. एक तुकडा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतून आला. के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाणी किती तापलं याइतकंच ते कुठे तापलं हे महत्त्वाचं. पेरूकडचं पाणी तापलं तर आपण बरेचदा सुटतो. महासागराच्या मध्यभागी तापलं तर उतरणारी हवा आपल्या डोक्यावर येण्याची शक्यता वाढते. दुसरा तुकडा आपल्याच महासागरातला. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागरातला झोका जगासमोर मांडला: कधी आफ्रिकेकडची बाजू तापते आणि सुमात्राकडची थंड होते, कधी उलट. पहिल्या प्रकाराला धन द्विध्रुव म्हणतात आणि तो सहसा आपल्या पावसाला साथ देतो. १९९७ मध्ये तो होता. २०१९ मध्ये तर फारच जोरदार होता. त्या वर्षी देशात ११० टक्के पाऊस झाला, मोसमी वाऱ्यांनी परतायला सुरुवात केली ती ९ ऑक्टोबरला, आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात वणवे पेटत होते.

आता हे दोन तुकडे जोडून कुणी नियम करू पाहील तर २०२५ आडवं येतं. त्या वर्षी द्विध्रुव ऋण होता, म्हणजे पुस्तकाप्रमाणे आपल्याला प्रतिकूल, आणि पाऊस १०८ टक्के.

कोलकात्यात बसून या विषयात काम करताना एक गोष्ट मनात राहते. या देशात पावसाचा अंदाज बांधण्याचा उद्योग इथूनच सुरू झाला. ऑक्टोबर १८६४ मध्ये या शहरावर आलेल्या चक्रीवादळाने सुमारे साठ हजार माणसं नेली. दोनच वर्षांत ओडिशाचा दुष्काळ. त्यानंतर, १८७५ मध्ये, हवामान विभाग स्थापन झाला; कचेरी कलकत्त्यात आणि प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड, जे आधी इथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत. खुर्चीत बसून दोन वर्षं होतात न होतात तोच १८७७ चा पाऊस बुडाला आणि दख्खनमध्ये, आपल्या मुलखात, माणसं किड्यामुंगीसारखी मेली. तो प्रचंड एल निनो होता हे समजायला पुढे शंभर वर्षं जावी लागली. ब्लॅनफर्ड यांच्यापाशी हिमालयातला बर्फ होता. थंडीत जास्त बर्फ पडला तर पावसाळा कमी, एवढा धागा धरून त्यांनी अंदाज द्यायला सुरुवात केली. १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर गणिती होते. कारकुनांच्या फौजेकडून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबांची, तापमानांची आणि पावसाची गणितं करून घेतली, आणि प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला तो घटतो, हा झोका त्यातून हाती लागला. समुद्राच्या तापमानाशी त्याचं नातं याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये जोडलं. वॉकर ज्या कामासाठी आले होते, म्हणजे भारताच्या पावसाचा भरवशाचा अंदाज, ते मात्र त्यांना साधलं नाही. प्रशांतचंद्र महालनोबिसही १९२२ ते १९२६ अलीपूरच्या वेधशाळेत होते, हे संख्याशास्त्र शिकलेल्या आमच्या ऑफिसातल्या पोरांना मी आवर्जून सांगते. त्यांना वाटतं ते फक्त पंचवार्षिक योजनेचे.

मी स्वतः ज्याला हा विषय समजणं म्हणेन, ते माझ्या बाबतीत २०१५ मध्ये झालं, आणि पुस्तकातून झालं नाही. जुलैच्या शेवटी बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला 'कोमेन' नावाचं चक्रीवादळ घुटमळलं, ३० तारखेला चितगावजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तिथे न थांबता पश्चिमेला वळून दक्षिण बंगालवर आलं. जिल्हेच्या जिल्हे पाण्याखाली गेले. सॉल्ट लेकमध्ये पाणी साठणं नवीन नाही. ही जागा मुळात खाऱ्या पाण्याची तळी. साठच्या दशकात युगोस्लाव्हियाच्या कंपनीने हुगळीतला गाळ नळांनी आणून इथे भराव घातला आणि दोब्रिवोये तोश्कोविच या तिथल्याच वास्तुरचनाकाराने त्यावर शहर आखलं. तेव्हा जरा मोठा पाऊस आला की करुणामयीकडून सेक्टर फाइव्हकडे येताना चपला हातात घ्यायच्या, हे इथलं नेहमीचं. पण त्या दिवसांत पाणी हटेना. मी ऑफिसात बसून एल निनोच्या वर्षावर पत्रक लिहीत होते, प्रशांत महासागराचा नकाशा मध्यभागी लालभडक होता, आणि खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी. भावाचा फोन आला. "आमच्याकडं सोयाबीन माना टाकलंय. तुमच्याकडं टीव्हीवर पूर दाखवायलेत. ह्ये कसलं गणित?"

गणित असं होतं. जून ते सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरावर एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, साधारण वर्षात बारा-चौदा. ती वायव्येकडे सरकत ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ ओलांडतात आणि त्यांच्या आधाराने मराठवाड्यापर्यंत पाऊस पोचतो. अरबी समुद्राकडचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. लातूर-बीडला खरी वाट बघायची असते ती पूर्वेकडच्या या पाहुण्यांची. एल निनोच्या वर्षीही उपसागर उकळायचा थांबत नाही. तो फार ऊन आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य घालवलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८४ मध्येच दाखवलं होतं की समुद्राचं तापमान साधारण २८ अंशांच्या पुढे गेलं की उंच, जोमदार ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. उपसागर पावसाळाभर त्या रेषेच्या वर राहतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी वर थर करून बसतं, वाऱ्याला ते खालच्या थंड पाण्यात ढवळता येत नाही, आणि उन्हाने तो पातळ थर पुन्हा तापतो. त्यामुळे ढग होतात, कमी दाबही होतो. पण प्रशांत महासागर बिघडलेला असला की त्या क्षेत्रांना पश्चिमेकडे फार लांब जायला पुष्कळदा बळ पुरत नाही. कोमेन झारखंडच्या आसपास विरलं. मराठवाड्यात त्या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा ४० टक्के कमी झाला, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

२०१५ च्याच सप्टेंबरात हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला गेले तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी लातूर होतं. आमच्या ऑफिसातला एक बंगाली मित्र एरवी मला म्हणतो, "तुम्ही बोर्गी लोक, म्हणजे मराठा स्वार, पूर्वी इथून चौथाई न्यायचात, आता आमचा पाऊस नेता." त्या वर्षी त्याने हा विनोद केला नाही.

दहा वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, उलटं घडलं. २२ तारखेच्या रात्री वायव्य उपसागरातल्या कमी दाबाने कोलकात्यावर ढग रिचवले. अलीपूरला चोवीस तासांत २५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला, पूजेचे मंडप अर्धवट उभे होते, विजेचा धक्का लागून माणसं गेली, सॉल्ट लेकमध्ये आम्ही दोन दिवस घरूनच काम केलं. पण तो पाऊस इथे संपला नाही. पाठोपाठ दुसरं क्षेत्र आलं, ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरलं आणि थेट महाराष्ट्रापर्यंत गेलं. सीना, मांजरा, गोदावरी पात्राबाहेर आल्या. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूरच्या शेतांतून काढणीला आलेलं सोयाबीन वाहून गेलं, काही ठिकाणी मातीसकट. त्या वर्षी एल निनो नव्हता. पूर्वेकडच्या पाहुण्यांना पश्चिमेचा रस्ता मोकळा होता, एवढंच. भावाने फोनवर फार बोलणं केलं नाही. मी त्याला पंचनाम्याचं विचारलं, त्याने मला घरात पाणी शिरलं का ते विचारलं.

या दोन सप्टेंबरांनंतर माझं पत्रक बदललं. पूर्वी मी देशाची टक्केवारी पहिल्या ओळीत लिहीत असे. आता ती शेवटी जाते. २०२३ घ्या. देशाचा पाऊस ९४ टक्के, म्हणजे कागदावर थोडासाच कमी. पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि सप्टेंबरात पावसाने बरीचशी भरपाई केली. सोयाबीन फुलोऱ्यात असताना तीन आठवडे उघडीप पडली तर सप्टेंबरातल्या भरपाईचं काय करायचं? त्या ऑक्टोबरच्या शेवटी महाराष्ट्र शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ९४ या आकड्यात तो दुष्काळ कुठेच दिसत नाही.

ला निनाचंही तसंच. आमच्या हिमघरवाल्यांना ती लक्ष्मी वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये ती होती, आणि त्याच महिन्यात 'जवाद' वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी हुगळी-बर्धमानमधला नुकता लावलेला बटाटा शेतात कुजवला. तेव्हा एका वयस्क मालकांनी मला अगदी शांतपणे विचारलं, "दीदी, तुम्ही साठ टक्के लिहिता. साठ टक्के पाऊस, की साठ टक्के बटाटा?" मी ते 'दहा वर्षांतली सहा वर्षं' असं लिहायला लागले ते तेव्हापासून. त्यांना ते लगेच कळलं, कारण दहा वर्षांचा हिशेब त्यांच्या खतावणीत होताच.

आमच्या धंद्यातल्या काही मंडळींवर माझा राग आहे, तो इथे सांगून टाकते. मार्च-एप्रिलमध्ये छातीठोकपणे एल निनो जाहीर करणारे सगळे जाणतात की वसंतात प्रशांत महासागराचा अंदाज सर्वांत कच्चा असतो. तिथला समुद्र आणि हवा त्या काळात एकमेकांना सैल धरून असतात, छोटासा वाराही दिशा बदलू शकतो. मे-जून उलटल्यावर चित्र पक्कं होऊ लागतं. तरीही दर वर्षी मथळे छापून येतात, बियाण्यांचे आणि डाळींचे भाव हलतात, आणि ज्याच्याकडे साठवायला गोदाम नाही त्याचं नुकसान होतं. शक्यता सांगणं हा पळपुटेपणा आहे असं काही ग्राहक म्हणतात. माझ्या मते खोटी खात्री विकणं हा त्याहून मोठा पळपुटेपणा आहे.

शिवाय ज्या समुद्रावर आपण हे आडाखे बांधतो तोच तापत चाललाय. पुण्याच्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाप्रमाणे पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात १.२ अंशांनी तापला. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक हे मोसमी वाऱ्यांचं इंजिन. समुद्र असा तापला की ते इंजिन मंदावू शकतं, आणि दुसरीकडे जास्त बाष्प मिळाल्याने जो पाऊस पडतो तो झोडपून पडतो. ३० एप्रिल २०२४ ला अलीपूरचा पारा ४३ अंशांवर गेला. एल निनो तेव्हा ओसरत होता, पण जगभरचे समुद्र तापलेलेच होते, आणि ज्या कालबोइशाखीच्या सरीवर इथला माणूस उन्हाळा काढतो तिचा पत्ता नव्हता. त्या दुपारी सेक्टर फाइव्हमध्ये झालमुडीवालाही नव्हता. अशा वर्षांत जुन्या शंभर वर्षांच्या आकड्यांतून काढलेले संबंध पुढच्या वीस वर्षांना किती लागू पडतील, यावर आमच्याकडे रोज वाद होतात.

भावाला मी सोयाबीन की तूर हे आजही सांगत नाही. त्याला जे सांगते तेच वाचकांना सांगते. एप्रिलचा अंदाज वाचा, पण पेरणी त्यावर ठरवू नका. मेअखेरीस हवामान विभाग तो सुधारतो, तो बघा. जूनपासून दर गुरुवारचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज बघा, त्यात उपसागरावर काय शिजतंय ते कळतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल जाईपर्यंत कोरडवाहूवाल्यांनी चाडं धरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला एल निनोच्या वर्षी तर दुप्पट पाळा. आणि दर मंगळवारी व शुक्रवारी आपल्या जिल्ह्याची कृषी हवामान सल्ला पत्रिका येते, ती मागवून घ्या. ती मराठीत असते आणि तिला पैसे पडत नाहीत.